सेमीच्या वर्गासाठी शिक्षक तयार करताना

नागपुरातल्या सेमी इंग्रजी शाळेत सहावीच्या एकाच बाकावर घरी मराठी बोलणारी, हिंदी बोलणारी आणि छत्तीसगढी बोलणारी मुलं बसलेली असतात. कामठीकडे त्यात उर्दूची भर पडते. गणित-विज्ञानाचं पुस्तक मात्र सगळ्यांच्या हातात इंग्रजीतलं. या मुलांचं इंग्रजी इंग्रजीच्या सरांनी पाहावं, असं धरून चाललं की विज्ञानाचा तास वाया जातो. म्हणून प्रशिक्षणाला आधी गणित-विज्ञानाचे शिक्षक बोलवा. आणि येताना स्वतःचं पाठ्यपुस्तक आणायला सांगा, कारण सगळं काम शाळा उघडल्यावरच्या पहिल्या पाठावरच करायचं आहे. पडद्यावर दाखवलेल्या मुद्द्यांवरून वर्गात काहीच बदलत नाही.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या आठवड्यात तीन अर्धे दिवस घ्या. गट २० जणांपेक्षा मोठा नको. पुढे दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात त्या शिक्षण परिषदेत, या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांकडून ४० मिनिटं मागून घ्या.

पहिल्या दिवशी सुरुवात न येणाऱ्या भाषेने करा. नागपुरात तेलुगू बोलणारं कुणी ना कुणी सापडतंच. त्यांना रोपाच्या भागांवर पाच मिनिटं फक्त बोलायला सांगा. मग तोच पाठ पुन्हा पाच मिनिटं घ्या, पण आता हातात खरं रोप, बोट ठेवून दाखवणं, तेच सहा शब्द फिरून फिरून, आणि शेजाऱ्याशी मराठीत कुजबुजायला परवानगी. नंतर शिक्षकांना एकच विचारा : पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही काय केलंत? कुणी नुसती मान हलवली, कुणी शेजाऱ्याच्या वहीत पाहिलं, कुणी खिडकीबाहेर. ही उत्तरं कागदावर लिहून तिन्ही दिवस भिंतीवर राहू द्या. वर्गातलं गप्प मूल नेमकं हेच करत असतं. जिम कमिन्स या अभ्यासकाने दाखवलंय, की रोजच्या बोलण्यापुरती दुसरी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकाची भाषा पेलायला पाच ते सात वर्षं लागतात. मैदानावर फटाफट इंग्रजी बोलणारा पोरगा विज्ञानाच्या पेपरात अडतो, तो आळशी असतोच असं नाही.

दुसरा दिवस सगळ्यात मोलाचा, तो घाईत उरकू नका. प्रत्येकाने पुस्तकाचं एक पान घ्यायचं आणि अडणारे शब्द तीन रंगांत खुणवायचे. पहिला रंग विषयाच्या शब्दांना : इव्हॅपोरेशन, डिनॉमिनेटर. दुसरा साध्या दिसणाऱ्या पण तासाला अर्थ बदलणाऱ्या शब्दांना : टेबल, मीन, ऑड, व्हॉल्यूम. तिसरा जोडणाऱ्या शब्दांना : ईच, अनलेस, देअरफोर, फ्रॉम, अ‍ॅट लीस्ट. बहुतेक शिक्षक पहिल्याच रंगावर थांबतात. ते शब्द पुस्तकात ठळक छापलेले असतात आणि मुलं ते पाठही करतात. खरी अडचण तिसऱ्या रंगात आहे.

‘सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह’ हे वाक्य घ्या. मराठीत आपण ‘बारामधून पाच वजा कर’ म्हणतो, बारा आधी येतात. इंग्रजीत पाच आधी आले, म्हणून मूल ५ − १२ मांडतं आणि आपण लाल शेरा मारतो, ‘वजाबाकी येत नाही’. वजाबाकी त्याला येते, ‘फ्रॉम’ने घोळ केला. आकड्यांचंही तसंच. ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येतात, ‘फिफ्टी थ्री’मध्ये पन्नास. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली आणि राज्यभर वाद झाला, तो याच उलट्या क्रमावरून. ५३चे ३५ करणाऱ्या मुलाकडून आकडा तोंडी म्हणवून घ्या, मगच चूक ठरवा.

पानातून एका तासासाठी पाच-सहा शब्द आणि दोन वाक्यांचे सांगाडे, एवढंच निवडायचं. दहा शब्द घेतले की एकही टिकत नाही. सांगाडा म्हणजे रिकाम्या जागा ठेवलेलं वाक्य. ते फळ्याच्या उजव्या कडेला लिहायचं आणि तास संपेपर्यंत पुसायचं नाही.

बाष्पीभवनाचा पाठ असा उलगडतो. जूनअखेर घरोघरी कूलर सुरूच असतात. आधी मुलांच्या भाषेत विचारा : टाकीतलं पाणी सकाळपर्यंत कमी कसं होतं? कुणी म्हणेल, ‘सर, पाणी उडून जाते नं हवेत.’ उत्तर बरोबर आहे, भाषा सुधारत बसू नका. ओला हात पंख्याखाली धरायला लावा, गार लागतं ते कळू द्या. मग त्याचंच वाक्य इंग्रजीत परत द्या : ‘येस, द वॉटर इव्हॅपोरेट्स.’ आता सांगाडा : ‘व्हेन वॉटर इव्हॅपोरेट्स, इट टेक्स हीट फ्रॉम डॅश.’ कूलरसाठी ‘द एअर’, हातासाठी ‘माय स्किन’, माठासाठी ‘द पॉट’. जोडीत एकमेकांना म्हणून दाखवायचं, मग वहीत. शेवटी अवघड प्रश्न : पाऊस लागला की कूलर का काम करत नाही, नुसती चिकचिक होते? इथे मुलांना मराठी-हिंदीत भांडू द्या. हवेत आधीच बाष्प भरलेलं आहे इथवर ती पोचली, की ‘बिकॉज द एअर इज ह्यूमिड’ हे वाक्य त्यांना आपसूक लागतं. अनुभव आणि वाद घरच्या भाषेत, निष्कर्ष इंग्रजीत, हा क्रम मोडू नका.

वर्गात मराठी बोललो तर ठपका येईल, ही भीती काही शिक्षकांना असते. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम २९मध्ये शिकवण्याचं माध्यम शक्य तितकं मुलाची मातृभाषा असावं असंच लिहिलंय, ते वाचून दाखवा. मात्र ओळीओळीचं भाषांतर वेगळं. इंग्रजी ओळ, लगेच मराठी, पुन्हा इंग्रजी, पुन्हा मराठी असं चाललं की मूल इंग्रजी ऐकणं सोडून देतं, त्याला ठाऊक असतं की मागून मराठी येणारच आहे.

तिसरा दिवस सरावाचा. चौघांचे गट करा. एकाने सात मिनिटं शिकवायचं, दोघांनी विद्यार्थी व्हायचं, चौथ्याने घड्याळ घेऊन नोंद करायची : प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबले, उत्तर शब्दात आलं की वाक्यात. तीन मिनिटं चर्चा आणि पाच मिनिटं तोच भाग पुन्हा. एकाला १५ मिनिटं, गटाचा एक तास. दुसऱ्यांदा शिकवणं वेळेअभावी गाळलं जातं, आणि शिक्षक बदलतो तो नेमका तिथेच. थांबण्याचं महत्त्व मेरी बड रो या अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात दाखवलं : शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात. मनात भाषांतर करणाऱ्या मुलाला पाचही द्या.

‘समजलं का?’ हा प्रश्न सरावातच बंद करा, त्याला ‘हो सर’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘आकृतीत बोट ठेव’, ‘खरं असेल तर एक बोट, खोटं असेल तर दोन’ असं करवून घ्या.

तपासताना विषयाचे गुण आणि भाषेची चूक वेगळी ठेवायला शिकवा. ‘हीट गो फ्रॉम हॉट टू कोल्ड’ या उत्तराला विज्ञानाचे पूर्ण गुण द्यायचे. ‘गो’खाली पेन्सिलने एक रेघ, बस. एका वहीत एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवा. पान लाल झालं की मूल पुढच्या वेळी दोनच शब्द लिहितं, कारण दोन शब्दांत चुका कमी होतात.

पहिल्या पंधरवड्यात पालकसभा घ्या. ‘घरी इंग्रजीच बोला’ असा सल्ला पालकांना कुठून ना कुठून मिळालेला असतो आणि इंग्रजी न येणारी आई मग मुलाशी अभ्यासाचं बोलणंच टाकते. तिला सांगा : रोज रात्री दहा मिनिटं, आज विज्ञानात काय झालं ते मुलाकडून घरच्या भाषेत ऐका, आणि ‘असं काऊन होते?’ एवढं नक्की विचारा.