सांगलीत राहून स्पेशल टीम्स कोचिंगची तयारी

अमेरिकन फुटबॉलमधल्या स्पेशल टीम्स, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्या, सांभाळणाऱ्या कोचकडे सहा तुकड्या असतात: किकऑफ (खेळ सुरू करणारी किक), पंट (हातातून सोडून मारलेली लांब किक), फील्ड गोल (जमिनीवर धरलेला चेंडू दोन खांबांमधून मारणं) आणि समोरच्याने हेच केलं तर ते परतवणाऱ्या किंवा अडवणाऱ्या तीन. त्याचे हक्काचे खेळाडू मात्र साधारण तीनच, किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर (वाकून पायांमधून चेंडू मागे फेकणारा). बाकीचे आक्रमण आणि बचावाच्या कोचकडून मागून आणायचे. म्हणून आधी वही घाला. सहा तुकड्या, अकरा जागा, एकूण ६६ चौकोन. प्रत्येकात मूळ खेळाडू आणि त्याचा बदली. एकच पोरगा चार तुकड्यांत असतो. तो लंगडत बाहेर आला की चार जागा रिकाम्या, आणि बदली ठरलेला नसेल तर पुढच्या पंटला दहाच जण उतरतात.

मग वेळ मोजायला शिका. पंटचा स्नॅप, म्हणजे ही मागची फेक, १५ यार्डांचा, म्हणजे १३.७ मीटर. चेंडू हलल्यापासून पंटरच्या हातात पडेपर्यंत ०.७५ ते ०.८ सेकंद लागायला हवेत. नवख्याने एका सेकंदाच्या आत टाकला तरी सुरुवातीला चालवून घ्या. स्नॅप ते किक २.१ सेकंदांच्या वर गेलं की ब्लॉक (समोरच्यांनी किक अडवणं) ठरलेलाच समजा. फील्ड गोलला हीच मुदत १.३ सेकंद. स्टॉपवॉच दाबताना बोट उशीर करतं, त्यापेक्षा मोबाईलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन घ्या आणि फ्रेम मोजा: १८० फ्रेम म्हणजे ०.७५ सेकंद.

स्नॅप पंटरच्या डोक्यावरून गेला तर बहुधा हातातून चेंडू उशिरा सुटलाय. आधीच आपटला तर लवकर. फील्ड गोल भरकटला की सगळे किकरवर तुटून पडतात. आधी होल्डरकडे, म्हणजे चेंडू जमिनीवर धरणाऱ्याकडे, बघा. चेंडूची लेस (शिवणीची दोरी) खांबांकडे हवी, किकरच्या पायाकडे नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसानंतर स्टडमध्ये चिखल भरतो आणि टेकवायचा पाय घसरतो. दर दोन किकनंतर काडीने साफ करा. चेंडू बादलीत बुडवून स्नॅपचा सरावही याच दिवसांत होतो. खांबांसाठी ५.६४ मीटर अंतरावर दोन उंच बांबू रोवा, ३.०५ मीटरवर दोरी बांधा.

२०२८ च्या ऑलिंपिकमुळे फ्लॅग फुटबॉलचं (पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढून अडवायचा प्रकार) नाव होतंय, पण त्यात किकच नाही, तेव्हा या कामाला तो फारसा उपयोगी नाही. नेहमीची वाट अमेरिकन विद्यापीठातून जाते: मास्टर्सला प्रवेश, सोबत ग्रॅज्युएट असिस्टंट (शिकता शिकता कोचचा मदतनीस), मग क्वालिटी कंट्रोल (सामन्यांचे व्हिडिओ आणि आकडे तपासणारा मदतनीस), मग सहायक कोच. बी.पी.एड. हाताशी असेल तर चांगलंच. हे पद दुय्यम समजू नका. १९९८ ते २००६ फिलाडेल्फिया ईगल्सच्या स्पेशल टीम्स सांभाळणारे जॉन हार्बॉ २००८ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सचे मुख्य प्रशिक्षक झाले.

कॉलेजच्या मुलाखतीला एनएफएलचा (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) किकऑफ पाठ करून जाऊ नका. २०२४ पासून तिथे किकर सोडून बाकी दहा जण समोरच्यांच्या ४० यार्ड रेषेवर उभे राहतात आणि चेंडू पडेपर्यंत किंवा झेलला जाईपर्यंत हलत नाहीत. कॉलेजचे नियम वेगळे असतात. त्यांचं त्याच वर्षाचं रूलबुक उतरवून घ्या.