जुनं रिव्हॉल्व्हर शोधताय? आधी चकाकीचं वेड सोडा

माझं पहिलं जुनं रिव्हॉल्व्हर म्हणजे स्मिथ अँड वेसनचं नंबर थ्री, इथे ओहायोत एका गन शोमध्ये घेतलेलं, आणि घेतलं कशामुळे तर लखलखत होतं म्हणून. दिवाळीआधी आई पितांबरीने तांब्या घासायची ना, अगदी तस्सं. आठवडाभर मी खुशीत, मग जुनी शस्त्रं जमवणाऱ्या एका म्हाताऱ्या कलेक्टरला दाखवलं तर त्याने हातातही घेतलं नाही, लांबूनच म्हणाला ट्रिगर गार्ड पण चमकतोय, म्हणजे गेलं. झालं असं की कंपनीतून निकेल लावून निघालेल्या या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर गार्ड काळसर निळाच ठेवलेला असायचा आणि हॅमर, ट्रिगर यांच्यावर भट्टीत आलेले ढगाळ चट्टेपट्टे असायचे. माझ्या रिव्हॉल्व्हरवर सगळीकडे निकेल, म्हणजे नंतर कुणीतरी हौसेने प्लेटिंग करून घेतलेलं, आणि कलेक्टरच्या बाजारात त्याची किंमत धाडकन खाली.

तर पहिलं काम हे, की निदान सहा महिने काही विकत घेऊ नका, नुसतं बघा. शोमध्ये टेबलवाल्याला विचारून हातात घ्या (न विचारता उचललं तर शिव्या खाल), सिलेंडर रिकामा आहे ना ते आधी बघा आणि उगाच ट्रिगर खटखट दाबत बसू नका, जुन्या स्प्रिंगा तुटतात आणि मग तुटलेलं तुमच्याच गळ्यात. बघायचं काय तर कडा. मूळ फ्रेमच्या, म्हणजे सांगाड्याच्या, कडा धारदार असतात, पॉलिश केलेल्या गोलसर होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो, बॅरलवरची अक्षरं पुसट होतात. आणि गंजाच्या खड्ड्यांच्या आतसुद्धा छान निळा रंग दिसला तर समजायचं की रंग गंजानंतरचा आहे. तपकिरी पडलेलं, ओरखडे असलेलं पण न छेडलेलं रिव्हॉल्व्हर केव्हाही बरं, हे आपल्या घासूनपुसून स्वच्छ ठेवण्याच्या संस्कारात बसत नाही पण आहे ते आहे.

दुसरं, एकच शाखा धरा. कोल्ट, स्मिथ, इंग्लंडची वेब्ली, सगळ्याच कंपन्यांचं थोडं थोडं करायला गेलात तर कशातलंच कळणार नाही. कोल्ट वॉकर या दुर्मिळ मॉडेलची स्वप्नं सुरुवातीला नकोच, १८४७ साली जेमतेम ११०० बनली आणि एक २०१८ मध्ये १८ लाख डॉलर्सच्या वर गेलं. मी स्मिथचे टॉप-ब्रेक धरले, म्हणजे मधून दुमडून उघडतात आणि रिकामी काडतुसं आपोआप वर येतात ते, कारण कोल्टवाल्यांची गर्दी फार आणि भाव पण तसेच.

आता कायदा, हे कंटाळवाणं आहे पण वाचा. अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र अँटिक, त्याला फेडरल पातळीवर ती नेहमीची डीलरमार्फत होणारी कागदपत्रांची भानगड नाही. पण राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांनी आधी आपल्या राज्याचा नियम बघावा आणि मगच पाकीट उघडावं. १८९८ नंतरचं पण ५० वर्षांहून जुनं हवं असेल तर कलेक्टरचं लायसन्स मिळतं, ३ वर्षांचे ३० डॉलर्स, खरेदी-विक्रीची वही मात्र नीट ठेवावी लागते. कोल्टच्या सिंगल ॲक्शन मॉडेलमध्ये १८९८ ची ही सीमारेषा १,८२,००० च्या आसपासच्या सिरियल नंबरला येते, आणि स्मिथच्या न्यू मॉडेल नंबर थ्रीची गंमत अशी की फ्रेम सगळ्या १८९९ च्या आधीच बनून पडल्या होत्या, त्यामुळे विकलं कधीही असलं तरी अँटिकच.

आणि हो, इकडून घेऊन भारतात न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. गावाकडच्या वाड्यात आजोबांची वेब्ली असेल तर ती तिकडच्या लायसन्सचा विषय, आणि १०० वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती बाहेर आणताच येत नाही.

नंबर जुळवणं हा खरा खेळ. स्मिथमध्ये मुठीच्या बुडाला, सिलेंडरवर, बॅरलच्या खटक्यावर तोच नंबर हवा, मुठीची लाकडं काढून आतून पण बघा, तिथे बऱ्याचदा पेन्सिलने लिहिलेला सापडतो, आणि सापडला की काय आनंद होतो ते सांगून कळणार नाही. मग पैसे भरून कोल्टच्या किंवा स्मिथच्या रेकॉर्डवरून पत्र मागवता येतं, कोणत्या साली, कोणत्या दुकानाला, कुठल्या फिनिशमध्ये पाठवलं ते त्यात येतं. महाग वस्तू असेल तर पत्र आधी, पैसे नंतर.

खोटेपणा सगळ्यात जास्त कुठे, तर जिथे एका शिक्क्याने किंमत दुप्पट होते तिथे. घोडदळाच्या कोल्टवरचा यूएस शिक्का आणि एन्सवर्थ नावाच्या सैन्याच्या इन्स्पेक्टरची अक्षरं, स्कोफिल्डवरचा (स्मिथच्या नंबर थ्रीचाच घोडदळासाठीचा प्रकार) वेल्स फार्गो या पार्सल-पैसे पोचवणाऱ्या कंपनीचा शिक्का, हे लोक घरबसल्या ठोकतात. स्कोफिल्ड मुळात ९,००० च्या आसपासच बनली, तरी वेल्स फार्गोवाली दर शोमध्ये कशी काय निघतात देव जाणे. इटलीच्या नव्या प्रतिकृती ॲसिडने जुन्या करून विकणारे पण आहेत, तिथे इटालियन प्रूफचे, म्हणजे सरकारी चाचणीचे, शिक्के घासून काढल्याच्या खुणा शोधायच्या. आणि विकणारा "हे अमक्या डाकूचं होतं" म्हणून गोष्ट सांगायला लागला की मी ती ऐकतो, मजा येते, पण तिचे पैसे देत नाही.

शोधायचं कुठे? ओक्लाहोमातल्या तुलसाचा गन शो एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये असतो, एकदा तरी जाच, पायाचे तुकडे पडतात. ऑक्शनमध्ये हातोडी पडते त्या आकड्यावर ऑक्शन हाउसचं कमिशन वेगळं, २० टक्क्यांच्या आसपास जातं, ते विसरून बोली लावू नका. माझे चांगले पीस मात्र सगळे म्हाताऱ्या कलेक्टरांकडूनच आले, त्यांच्याशी दोन-दोन वर्षं नुसत्या गप्पा मारून.

सांभाळायला फार काही लागत नाही, हलकं तेल किंवा मेणाचा पातळ हात, आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये कधीच ठेवू नका कारण चामडं ओल धरतं आणि गंज चढतो. दसऱ्याला मी पूजा करतो, पण झेंडूची फुलं शेजारी ताटात, आणि हळदकुंकू फक्त ताटाच्या काठाला, बायकोने पहिल्या वर्षी थेट बॅरलवर लावलं होतं आणि अक्षरांच्या खाचांतलं कुंकू काढायला मला टूथपिक घेऊन अख्खी संध्याकाळ बसावं लागलं.