पखवाजाची घरं मिळत नसतील तर

गणपतीत घरोघरची भजनं सुरू झाली की पखवाजाची खरी परीक्षा असते. पावसात पाणंदीने एका घरून दुसऱ्या घरी जायचं, ओल्या पडवीतून माणसांनी आणि दिव्यांनी तापलेल्या माजघरात बसायचं. कातडं ओल धरून सैल पडतं, सूर उतरतो. ऊब लागली की चढतो. सगळा सूर सारखाच उतरला तर चार गट्टे (खोडावरच्या कातडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून काम भागतं. पुडीच्या, म्हणजे तोंडावरच्या कातड्याच्या, कडेला सोळा जागा असतात, त्यांना घरं म्हणतात. एक घर एक बोलतं आणि समोरचं भलतंच, तेव्हा मात्र हातोडीआधी कान चालवावा लागतो.

म्हणून पोचल्या पोचल्या ठोकायला बसू नका. पखवाज खोळीतून काढा आणि जिथे वाजवायचा आहे तिथेच पंधरा-वीस मिनिटं ठेवा. लवकर सुकावा म्हणून चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवायचा मोह होतो, पण त्याने शाईला (पुडीच्या मध्यावरच्या काळ्या लेपाला) भेगा जातात.

मग पेटीवर बुवांच्या पट्टीचा सा धरायला सांगा. उजव्या पुडीवर अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकवा आणि तर्जनीने चाटेवर (पुडीच्या कडेच्या कातडी पट्टीवर) 'ना' वाजवत सोळाही घरं फिरा. प्रत्येक घरी बोट कडेपासून तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच जोराने पडलं पाहिजे. निम्म्या वेळा दोष पुडीत नसतो, आघात बदललेला असतो. वेगळं बोलणाऱ्या घरापाशी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या कातडी कड्यावर) खडूची खूण करा: चढलेलं, की उतरलेलं.

इथे बहुतेकजण चुकतात. उतरलेलं घर दिसलं की तेच ठोकत सुटतात. आधी चढलेलं घर शोधा. एक घर जास्त ताणलेलं असलं की शेजारची दोन-तीन घरं उगाच बिघडलेली वाटतात, आणि ती ओढत गेलात तर सगळी पुडी वर जाते, नंतर पट्टीत येत नाही. चढलेल्या घरापाशी गजऱ्यावर गट्ट्यांच्या बाजूने, म्हणजे खालून, हलका ठोका द्या, घर उतरतं. उतरलेल्या घराला पुडीच्या बाजूने ठोका. प्रत्येक वेळी एक-दोनच ठोके, मग लगेच समोरचं घर ऐका, त्यानंतर काटकोनातली दोन. ओळीने शेजारी-शेजारी गेलात तर पुडी एकीकडे ओढली जाते. हातोडी कातड्याला किंवा खोडाला (लाकडी अंगाला) लागता कामा नये.

सूर सगळीकडूनच कमी असेल तर आठ गट्टे आहेत. एका गट्ट्याच्या ताब्यात दोन घरं. गट्टे डाव्या पुडीकडे ढकलले की वाद्या (त्या कातडी पट्ट्या) ताणतात, सूर चढतो. तेही समोरासमोरच्या जोडीने. मोठा फरक गट्ट्यांनी, बारीक फरक गजऱ्यावर.

एवढी खटपट कशासाठी? १९२० साली चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी दाखवलं की शाईच्या वजनामुळे आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर) मूळ स्वराशी जुळतात. साध्या ढोलाला हे जमत नाही. ताण असमान झाला की एकाच उपस्वराचे जवळजवळचे दोन होतात आणि नाद थरथरतो. ती थरथर थांबली की घरं मिळाली.

तरीही एकच घर पुन्हा पुन्हा उतरत असेल तर तिथली वादी सैल किंवा झिजलेली आहे का बघा. गजरा एका बाजूला जास्त खाली बसला असेल किंवा शाई मध्यावरून सरकलेली दिसत असेल, तर हातोडीने भागणार नाही. कारागिराकडून वाद्या खेचून घ्या. शाईतून झणझण येत असेल तर तिची भेग बुजवण्याचे घरगुती उपाय करू नका.

डाव्या पुडीवरची कणीक (भिजवलेल्या पिठाचा गोळा) शेवटी लावा. ही पुडी खालच्या सप्तकातल्या सा ला मिळवायची: कणीक जास्त लावली की सूर उतरतो, थोडी काढली की चढतो. कणीक मध्यावर हवी, सरकली तर नाद फाटतो. भजन आटोपलं की ती लगेच काढून पुडी पुसून घ्या, आणि कातडं कोरडं झाल्याशिवाय पखवाज खोळीत घालू नका. श्रावण-भाद्रपदात एका रात्रीत बुरशी धरते.