हमिंगबर्ड येण्याआधी न्यू जर्सीच्या अंगणात

एप्रिलचा तिसरा आठवडा लागायच्या आत हमिंगबर्डसाठी साखरपाणी भरून टांगायचं भांडं, म्हणजे फीडर, गॅरेजमधून काढून, धुऊन टांगलेला असावा. आपल्याकडे येतो तो लाल गळ्याचा रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. हिवाळा मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत काढून तो परततो, तेव्हा बागेत फारसं काही फुललेलं नसतं. जेमतेम ३ ग्रॅमचा जीव, इतक्या लांबून आलेला. पहिल्या दिवशी त्याला घोटभर तरी मिळावं.

माप सोपं आहे: एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. उकळलंत तर पूर्ण गार करून भरा. गूळ किंवा ब्राउन शुगर नको, त्यातलं लोह त्यांना बाधतं. मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते. खायचा लाल रंगही नको, फीडरचा लाल भाग त्यांना दुरून दिसतो.

खरं काम धुण्याचं. जुलैच्या उन्हात हे पाणी दोन दिवसांत आंबतं, म्हणून गढूळ दिसायची वाट न पाहता एक दिवसाआड ओतून द्यायचं आणि बारीक ब्रशने भोकांच्या आतपर्यंत घासायचं. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगा, नाहीतर फीडर उतरवून ठेवा. एवढं जमणार नसेल तर फीडर आणूच नका, फुलं लावा. आंबलेल्या पाण्याने पाखरू आजारी पडण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मुंग्यांसाठी आपला घरचाच उपाय: दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात ठेवतो, तशी फीडरच्या वर पाण्याची छोटी वाटी अडकवायची. नर फार भांडकुदळ, दुसऱ्याला फिरकू देत नाही. दोन फीडर ठेवा, पण एकावरून दुसरा दिसणार नाही असे.

फुलांत ट्रंपेट हनीसकलचा वेल कुंपणावर चढवा. जपानी हनीसकल मात्र घेऊ नका, ती इथे रान माजवते. बी बाम उन्हात, कार्डिनल फ्लॉवर ओलसर कोपऱ्यात. ओढ्याकाठी आपोआप उगवणारी नारिंगी ज्वेलवीड तण म्हणून उपटू नका. ती आपल्या तेरड्याच्याच कुळातली, आणि परतीच्या प्रवासाआधी या पक्ष्यांना फार उपयोगी पडते.

औषध फवारू नका. पिल्लं मुख्यतः चिलटांवर आणि कोळ्यांवर वाढतात. वळचणीची जळमटंही राहू द्या. आपला हात झाडूकडे जातोच, पण मादी त्याच धाग्यांनी अक्रोडाएवढं घरटं बांधते.

आता एक खुर्ची, सूर्य पाठीशी येईल अशी. सावलीत नराचा गळा काळा दिसतो; ऊन पडलं की माणकासारखा पेटतो. गावाकडच्या जास्वंदीवरचा शिंजीर आठवेल, पण तो बहुतेक वेळा फांदीला धरून बसतो. हा हवेत थांबतो, उलटाही उडतो.

सप्टेंबरात फीडर घाईने काढू नका. तो टांगलेला असला म्हणून पक्षी प्रवास सोडून थांबत नाहीत. शेवटचा दिसल्यावर आणखी दोन आठवडे ताजं पाणी भरत राहा, उत्तरेकडून उशिरा निघालेला एखादा असतो.