पट एक, मात दोघांची: थिऑफिलस थॉम्पसनच्या धाटणीची कोडी

माझ्या वर्गात बुद्धिबळाचं कोडं मांडलं की मुलं आधी विचारतात, "खेळी कोणाची?" मी म्हणते, "दोघांची बघा." ही सवय मी थिऑफिलस थॉम्पसनकडून घेतली.

१८५५ साली अमेरिकेत, मेरीलँडमधल्या फ्रेडरिक गावी तो गुलामगिरीत जन्मला. १८७२ मध्ये त्याने जॉन हॅन्शॉ यांचा एक डाव पाहिला. हॅन्शॉंनी त्याला पट दिला, सोडवायला थोडी कोडी दिली. आणि १८७३ मध्ये आयोवातल्या ड्यूब्यूकहून त्याने स्वतः रचलेल्या कोड्यांचं पुस्तक छापून आलं! खेळी कोणाचीही असो, मात होते, हे त्या पुस्तकाच्या नावातच आहे. कृष्णवर्णीय बुद्धिबळपटूंची गोष्ट १९९९ मध्ये ग्रँडमास्टर झालेल्या मॉरिस अ‍ॅश्लीपासून सुरू करतात, ते मला मान्य नाही. ती थॉम्पसनपासून सांगावी.

आता पट घ्या. पांढऱ्याच्या बाजूने पाहिलं तर उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या खालून १ ते ८; त्यावरून घराचं नाव, जसं जी१. ही स्थिती त्याची नव्हे, सरावासाठी मी मांडलेली आहे. पांढरा राजा जी१, हत्ती सी७, प्यादी एफ२, जी२, एच२. काळा राजा जी८, हत्ती बी२, प्यादी एफ७, जी७, एच७.

पांढऱ्याची खेळी धरा. हत्ती सी८, मात. काळा राजा स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलाय. त्याचा हत्ती बी८ वर गेला तरी पांढऱ्या हत्तीच्या पलीकडे पडतो, मध्ये येत नाही.

मोहरे पुन्हा जागेवर ठेवा आणि उठून काळ्याच्या बाजूला बसा. पट फिरवू नका, स्वतः जा. नजर खरंच बदलते. हत्ती बी१, शह. इथेच मुलं "मात!" म्हणून ओरडतात. पण पांढरा हत्ती सी१ वर परत येतो. काळा तो मारतो, तेव्हा कुठे मात. म्हणजे काळ्याला दोन खेळ्या लागल्या.

आता रचायला घ्या. एकच मोहरा वाढवून काळ्यालाही एका खेळीत मात साधून द्या. पुढे वाचण्याआधी पटावर शोधा. बहुतेक मुलं काळ्याला वजीर देऊन टाकतात. तुम्ही पांढऱ्याला प्यादं द्या, सी३ वर. त्याच्याच हत्तीची परतीची वाट बंद होते, आणि हत्ती बी१ ही सरळ मात ठरते. पांढऱ्याची सी८ वरची मातही शाबूत राहते.

वहीत उतरवण्याआधी दोन्ही बाजूंनी आणखी एखादी मात निघतेय का ते तपासा. निघालीच, तर एखादं प्यादं हलवून पुन्हा मांडा.