आफ्रिकेतील मोठ्या शिकारीसाठी रायफलचा बोअर कसा ठरवावा

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा शहाद्याकडच्या उसाच्या शिवारात शेतराखणीचा परवाना असलेल्या घरी बहुधा बारा बोअरची दुनळी असते, नाहीतर ईशापूरच्या कारखान्यातली .३१५ बोअरची, म्हणजे नळीचा आतला व्यास .३१५ इंच असलेली, रायफल असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौसेखातर शिकार करता येत नाही, आणि रोही व रानडुकरांनी पीक तुडवले तरी परवानगीवाचून त्यांच्यावर गोळी झाडता येत नाही. त्यामुळे नामिबिया, दक्षिण आफ्रिका किंवा झिम्बाब्वे येथे रीतसर परवान्याने शिकारीला जाणाऱ्या माणसाला मोठ्या बोअरचा अनुभव जवळजवळ नसतोच. असा माणूस दुकानदाराच्या किंवा मित्राच्या सांगण्यावरून सर्वांत मोठी रायफल निवडतो आणि बहुतेक वेळा तिथेच चुकतो.

निवडीची सुरुवात त्या देशाच्या कायद्यापासून करावी. नामिबियात रायफल किमान ७ मिलिमीटरची असावी लागते आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा किती असावी हे जनावरानुसार ठरवलेले आहे. स्प्रिंगबोकसारख्या लहान हरणाला १,३५० ज्यूल, कुडू, ओरिक्स, वाइल्डबीस्ट व इलँड या मोठ्या हरणांना २,७०० ज्यूल, आणि रेडा (म्हणजे आफ्रिकेतला रानरेडा) व हत्ती यांना ५,४०० ज्यूल. झिम्बाब्वेत हत्ती, पाणघोडा व रेडा यांच्यासाठी किमान ९.२ मिलिमीटर बोअर आणि ५,३०० ज्यूल लागतात. केनियात १९७७ पासून शिकारच बंद आहे. आपल्या यादीतले सर्वांत मोठे जनावर कोणते हे एकदा पक्के झाले की निम्मे बोअर आपोआप गळून पडतात.

गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात आणि नवख्याला त्या आकड्यांचा काही बोध होत नाही. जळगावच्या सराफ बाजारात वावरलेल्या माणसाला मात्र ते सोपे जावे, कारण जुना ११.६६ ग्रॅमचा तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. .३०-०६ या .३० इंची बोअरच्या काडतुसाची नेहमीची जड गोळी नेमकी एक तोळ्याची, .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी एक तोळा आठ मासे, .४१६ ची ४०० ग्रेनची सव्वादोन तोळ्यांच्या आसपास, तर .४५८ ची ५०० ग्रेनची पावणेतीन तोळ्यांहून किंचित जास्त. जाडीच्या मानाने जी गोळी लांब आणि जड, ती मांसात व हाडात खोल जाते. मोठ्या जनावराच्या बाबतीत वेगापेक्षा हे खोल जाणे अधिक मोलाचे असते.

आपल्या रोह्याचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या पुढे जातो. कुडू आणि ओरिक्स साधारण त्याच वजनाच्या पट्टीतले. त्यांना .३०-०६ ची १८० ग्रेनची चांगली गोळी पुरते. ती सुमारे ३,९०० ज्यूल देते आणि तिची काडतुसे सर्वत्र मिळतात. .३१५ ची काडतुसे तिकडे मिळतील अशी आशा धरू नये. ती रायफल घरीच ठेवावी. इलँडचा नर मात्र नऊशे किलोंपर्यंत भरतो, म्हणजे औताच्या दोन बैलांचे वजन एका अंगात. कायद्याला .३०-०६ चालत असली तरी इलँडसाठी मी .३३८ किंवा .३७५ च निवडीन.

रेड्यासाठी माझे उत्तर एकच आहे : .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम. १९१२ साली निघालेले हे काडतूस पाच हजार सातशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा देते आणि दीडदोनशे मीटरवरच्या कुडूलाही चालते. एकच रायफल नेणाऱ्याला याहून सोयीचे दुसरे काही नाही. .४१६ रिग्बी आणि .४५८ विंचेस्टर त्याहून बलवान आहेत, पण ते सराव असलेल्या खांद्यासाठी. .४७० ची दुनळी दिसायला राजेशाही, आणि तिच्या प्रसाराला आपल्या देशाचाही हातभार लागला आहे. बंडखोरांच्या हाती दारूगोळा लागू नये म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये हिंदुस्थानात व सुदानात .४५० बोअरवर बंदी घातली, तेव्हा इंग्लिश बंदूककारांनी .४६५, .४७० असे पर्याय बाजारात आणले. पहिल्या सफरीसाठी तिचा मोह टाळावा.

बोअर ठरल्यावर गोळीचा प्रकार पाहावा, आणि याकडेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मऊ टोकाची गोळी आत जाऊन फुलते आणि रुंद जखम करते, तर सॉलिड म्हणजे भरीव गोळी न फुलता सरळ खोल जाते. हरणांना आणि रेड्यावरील पहिल्या गोळीला मजबूत बांधणीची मऊ गोळी, आणि रेड्यावरील पुढच्या गोळ्यांना तसेच हत्तीला सॉलिड, ही रूढ पद्धत आहे. मात्र रेडा कळपात असेल तर सॉलिड आरपार जाऊन मागच्या जनावराला लागू शकते, हे चाप ओढण्याआधी ध्यानात घ्यावे. बांधणी कच्ची असेल तर .४५८ ची गोळीसुद्धा खांद्याच्या हाडावर फुटून वाया जाते. 'कारामोजो' बेल या जुन्या स्कॉटिश हत्तीशिकाऱ्याने .२७५ ने असंख्य हत्ती मारले, हा दाखला शिकाऱ्यांच्या गप्पांत हमखास निघतो. पण तो सॉलिड गोळ्या वापरत असे आणि हत्तीच्या कवटीची रचना त्याने बारकाईने अभ्यासली होती, हे सांगायचे राहून जाते.

आता खांद्याचा प्रश्न. .३७५ चा धक्का .३०-०६ च्या सुमारे दुप्पट आणि .४५८ चा सुमारे तिप्पट असतो. मी पहिल्यांदा .४१६ हाती घेतली तेव्हा डोळा रायफलवरच्या दुर्बिणीच्या फार जवळ ठेवला आणि भुवई फोडून घेतली. त्यापुढच्या प्रत्येक गोळीला चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटू लागले. ही सवय जडली की बोअर कितीही मोठा असो, गोळी पोटात जाते, आणि जखमी रेडा झुडपात शिरला की त्याच्यामागे वाटाड्याला जावे लागते. म्हणून बाकावर बसून नव्हे, तर उभे राहून, तिपाईवर रायफल टेकवून, ऐंशी मीटरवरून सलग पाच गोळ्या बशीएवढ्या वर्तुळात बसतात का, हे पाहावे. ज्या मोठ्यात मोठ्या बोअरने ते जमते, तोच आपला बोअर.

भारतातून रायफल नेण्याची कागदपत्रे वेळखाऊ असतात. बहुतेक शिकार-आयोजकांकडे .३७५ भाड्याने मिळते, आणि पहिल्या खेपेला तेच बरे. आगाऊ पत्र पाठवून रायफलची बनावट, दुर्बिणीची शक्ती आणि गोळीचे नाव विचारून घ्यावे. स्वतःची नेणार असाल तर बहुतेक विमान कंपन्या काडतुसांना प्रवाशामागे पाच किलोंची मर्यादा घालतात आणि ती रायफलपासून वेगळी बांधावी लागतात. तळावर पोहोचल्यावर, रायफल कोणाचीही असो, पहिल्याच संध्याकाळी कागदी निशाणावर तीन गोळ्या झाडून नेम तपासावा. प्रवासातल्या आदळआपटीने दुर्बीण हलली असेल तर ते तिथेच कळते.