मॅनेजरच्या सहीचा अधिकार परदेशी पार्टीला कसा दाखवायचा: सांगलीतला अनुभव

कुपवाड एमआयडीसीत हळद निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मी लागले, त्याला दोन महिनेही झाले नव्हते. नेदरलँड्सच्या खरेदीदाराचा मेल आला. वर्षभराच्या पुरवठ्याच्या करारावर आमच्या एक्सपोर्ट मॅनेजरसाहेबांनी सही-शिक्का करून पाठवला होता. पलीकडून विचारणा होती की, या गृहस्थांना कंपनीच्या वतीने सही करायचा अधिकार आहे याचा पुरावा द्या. साहेब दुखावले. "इतकी वर्षं माल पाठवतोय, आणि आता माझ्या सहीवर शंका घेतात होय?" मलाही त्यांचं पटलं होतं.

नंतर कळलं, त्यांच्याकडे ही रोजची पद्धत आहे. तिथलं व्यापारी रजिस्टर चेंबर ऑफ कॉमर्सकडे असतं. कंपनीचा उतारा काढला की तिच्या वतीने कोण सही करू शकतो, एकट्याने की दोघांनी मिळून, ते त्यावर छापलेलंच येतं. आपण जमीन घेताना सातबारा बघतो, तसे ते हा उतारा बघतात. जर्मनीत तर कंपनीच्या वतीने व्यवहार करायचा 'प्रोकुरा' नावाचा अधिकार असतो आणि तोही रजिस्टरला नोंदवतात. आपल्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर संचालकांची नावं आणि डीआयएन, म्हणजे संचालकांचे ओळख क्रमांक, मिळतात. पण अमुक मॅनेजर अमुक करारावर सही करू शकतो, हे तिथे दिसत नाही. ते असतं बोर्डाच्या, म्हणजे संचालक मंडळाच्या, बैठकांच्या मिनिट्स बुकात, आणि ते बुक आपल्या कपाटात. म्हणून कागदांची साखळी आपणच जोडून द्यायची असते.

कंपनी कायदा २०१३ चं कलम २१ नीट वाचून ठेवा. करारावर मुख्य व्यवस्थापकीय अधिकारी, म्हणजे केएमपी (व्यवस्थापकीय संचालक, कंपनी सेक्रेटरी वगैरे), सही करू शकतात, किंवा बोर्डाने अधिकार दिलेला अधिकारी अथवा कर्मचारी. व्हिजिटिंग कार्डावरच्या 'मॅनेजर' या शब्दाने काही होत नाही. कायद्यातला 'मॅनेजर' म्हणजे बोर्डाच्या देखरेखीखाली जवळजवळ सगळा कारभार पाहणारा माणूस. एक्सपोर्ट मॅनेजर त्यात बसत नाही, त्याला बोर्डाचा ठरावच लागतो.

आमचा पहिला ठराव परत आला. त्यात साहेबांचं नाव इनिशियलमध्ये होतं आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण. दुसरी चूक मोठी होती, आणि ती माझी. संचालक त्या दिवशी गावाला गेले होते, म्हणून ठरावाच्या प्रतीवर 'सत्यप्रत' लिहून मी सही साहेबांचीच घेतली. म्हणजे ज्यांचा अधिकार सिद्ध करायचा, तेच त्याची साक्ष देत होते! डच वकिलाने नेमक्या त्या ओळीला पिवळा रंग मारून पान पाठवलं. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

तेव्हापासून ठरावात पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, हुद्दा, कोणत्या पार्टीशी कोणता करार, रकमेची मर्यादा, एकट्याने की संयुक्त सही आणि मुदत, एवढं घालतेच. 'सर्व आवश्यक कागदपत्रांवर सही करणे' एवढ्याने परदेशी वकिलाचं समाधान होत नाही. खाली साहेबांच्या सहीचा नमुना असतो, आणि तो एखादा संचालक किंवा कंपनी सेक्रेटरी साक्षांकित करतो. लेटरहेडवर सीआयएन, म्हणजे कंपनीचा एकवीस अक्षरांचा ओळख क्रमांक, हवाच. समोरचा तोच पोर्टलवर टाकून, ठराव प्रमाणित करणारा संचालक खरंच आहे का ते पाहतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आमच्या करारावर सही आधीच झाली होती आणि बोर्डाची बैठक नंतर झाली. ऑफिसात कुणीतरी सुचवलं, मागची तारीख टाकू. तसं कधीही करू नका. बोर्डाने कार्योत्तर मंजुरी, म्हणजे आधी झालेल्या सहीला नंतर मान्यता, द्यावी आणि ठरावात तसं सरळ लिहावं. करार कायदा १८७२ मध्ये त्याची सोय आहे, आणि डच बाजूने ते विनातक्रार मान्य केलं.

मुखत्यारपत्र मागितलं आणि कंपनीकडे कॉमन सील, म्हणजे कंपनीची अधिकृत मोहर, नसेल, तर कंपनी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे दोन संचालकांच्या, किंवा एक संचालक आणि कंपनी सेक्रेटरी यांच्या सह्या लागतात. २०१५ पासून सील ऐच्छिक आहे. टेबलावरचा रबरी शिक्का म्हणजे सील नव्हे, हेही पलीकडे समजावून सांगावं लागतं.

अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारने दिलेला दाखला, लागतं का, ते आधी विचारून घ्या. पुष्कळांना प्रमाणित प्रतीचा स्कॅन पुरतो. लागलंच तर सांगलीत नोटरी, मग चेंबर ऑफ कॉमर्स, मग परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर, असा प्रवास होतो. भारतात हे १४ जुलै २००५ पासून लागू आहे. स्टिकर फक्त कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं, आतला मजकूर तपासत नाही. चुकीचा ठराव अपॉस्टिल होऊनही चुकीचाच राहतो. दुबईच्या पार्टीच्या वेळी अपॉस्टिल चाललं नव्हतं, कारण युएई अपॉस्टिल मानणाऱ्या देशांच्या हेग करारात नव्हता. तिथे वकिलातीचा शिक्का घ्यावा लागला.

साहेब पुढे नोकरी बदलून साताऱ्याला गेले. करार कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे, प्रतिनिधीचा अधिकार काढल्याचं तिसऱ्या पक्षाला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो चालूच राहतो. म्हणून अधिकार रद्द करणारा ठराव बोर्डाकडून लगेच करून घेतला आणि पहिला ठराव ज्यांना गेला होता त्या सगळ्यांना मेल केला. कुणाला काय पाठवलं याची नोंद वहीत होती, त्यामुळे एका दुपारीत काम उरकलं.